संग्रह, संक्षेप आणि ‘अ’

साहित्याच्या माणसाने संगणकाविषयी लिहायचेच झाले तर ते अक्षरांच्या वळणांविषयी लिहावे, फार तर शुद्धलेखनाविषयी लिहावे, असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडण्याचे आम्ही आज ठरविले आहे. आमचा विषय आहे लिनक्सच्या काळ्या पडद्यावर टंकलेली एक ओळ. ही ओळ एका फोल्डरमधील सर्व फाइलींची मोट बांधते आणि ती मोट आवळून लहान करते. हे काम लाखो लोक रोज करतात आणि त्यात लिहिण्याजोगे काही आहे असे कोणास वाटत नाही. आम्हांसही वाटत नव्हते. पण या एका ओळीपायी आम्ही एका कोशातील ‘अ’ गमावला आणि संग्रह म्हणजे काय, संक्षेप म्हणजे काय, हे त्यानंतरच्या वर्षांत थोडेथोडे उमगत गेले. त्याची ही हकीकत.

आम्ही म्हणजे तिघे. एक ठाण्याचा, एक डोंबिवलीची आणि एक कल्याणचा. तिघेही एकाच सरांचे विद्यार्थी. सर मराठी शिकवीत, आणि सुटीच्या दिवशी खांद्याला शबनम अडकवून दिवा, कोपर, टिटवाळा आणि भिवंडीच्या अंगाची खेडी हिंडत. खाडीकाठच्या आगरी-कोळी बोलीतील शब्द त्यांनी अनेक वर्षे गोळा केले. एक शब्द, एक चिठ्ठी. चिठ्ठ्या पाठकोऱ्या कागदांच्या, सारख्या मापाने कापलेल्या. वर शाईच्या पेनाने शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली गावात ऐकलेले एखादे वाक्य, आणि तळाशी पेन्सिलीने गाव, सांगणाऱ्याचे नाव व तारीख. तळाचा मजकूर पेन्सिलीने का, असे आम्ही एकदा विचारले होते. ‘‘शब्द पक्का असतो. तो कुणी, कधी सांगितला हे लिहिताना चूक होते, ती खोडता आली पाहिजे,’’ असे त्यांचे उत्तर होते. राब, इरलं, पाग, निवटी, चिंबोरी, उघाडी असे कितीतरी शब्द त्या चिठ्ठ्यांवर होते. चपलांच्या खोक्यांत वर्णानुक्रमे लावलेल्या, आणि ती खोकी एका लोखंडी मांडणीवर. ‘अ’ सर्वांत वरच्या फळीवर, ‘ह’ सर्वांत खाली.

सरांचे घर कल्याणात, वालधुनी नदीपासून फार दूर नसलेल्या एका इमारतीत, तळमजल्यावर होते. २६ जुलै २००५ या तारखेचा अर्थ या परिसरातील कोणासही समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; इकडे उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या पात्र सोडून बाहेर आल्या. सरांच्या घरात कमरेच्या थोडे खाली पाणी आले आणि रात्रभर राहिले. वरच्या फळ्या वाचल्या. खालच्या फळ्यांवरील ‘प’पासून ‘ह’पर्यंतची खोकी पाण्यात गेली.

पुढचे आठ दिवस आम्ही तिघे त्या घरात दोऱ्या बांधून चिठ्ठ्या वाळवीत होतो. त्या वाळल्या तेव्हा जे दिसले ते आम्ही विसरू शकलेलो नाही. शाई पाण्याने धुऊन गेली होती आणि पेन्सील जशीच्या तशी होती. म्हणजे शब्द गेला, अर्थ गेला, वाक्य गेले. आणि तळाशी गाव, माणसाचे नाव व तारीख मात्र स्वच्छ उरली. कोणी तरी, कुठे तरी, अमुक दिवशी सरांना काही तरी सांगितले होते, एवढेच त्या चिठ्ठ्यांना आता माहीत होते. जे पक्के म्हणून शाईने लिहिले तेच कच्चे ठरले. सर त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी त्या निळसर डागांच्या चिठ्ठ्याही खोक्यांत परत लावण्यास सांगितले, आणि त्याच क्रमाने.

सुदैवाने सरांनी त्याआधी दोन वर्षांपासून चिठ्ठ्या संगणकावर टंकण्यास आरंभ केला होता. संगणक टेबलावर होता, म्हणून वाचला. टंकन वर्णानुक्रमे चालले होते, आणि पूर आला तेव्हा सर ‘न’पर्यंत पोहोचले होते. त्या फोल्डरमधील शेवटच्या फाइलीवर, म्हणजे ‘न’च्या फाइलीवर, २५ जुलै २००५ ही तारीख आहे, आणि वेळ रात्री साडेअकरानंतरची. दुसऱ्या दिवशी काय होणार आहे याची कल्पना नसलेला एक माणूस रात्री उशिरापर्यंत ‘न’चे शब्द टंकीत बसला होता, हे त्या आकड्यांवरून कळते. त्या आकड्यांचे मोल आम्हांस पुष्कळ उशिरा समजले.

त्या काळच्या रीतीप्रमाणे टंकन एका जुन्या फाँटमध्ये होते. हे फाँट म्हणजे मोठा विलक्षण प्रकार होता. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. फाँट तेवढा त्यांना देवनागरीचा वेश चढवी. फाँट नाहीसा झाला की वेश उतरे आणि पडद्यावर निरर्थक चिन्हांचा कचरा दिसे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि त्या लिप्यांची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांस ठाऊक नव्हती, हे आपण शिकवितो. ग्रंथ होते, पण वाचता येत नव्हते. आमच्या पिढीने तोच प्रकार अनवधानाने आणि अवघ्या दहा वर्षांत करून दाखविला. पंथाला निदान गुप्तता हवी होती. आम्हांस काहीच लपवावयाचे नव्हते.

२००९ साली आम्ही तो सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणला. रूपांतर यंत्राने होते, पण जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार त्यात हमखास मोडतात. म्हणून दर शनिवारी आम्ही सरांकडे बसून ओळ न् ओळ वाचीत असू. सर डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, ‘‘थांबा. तो अर्थ मी अपुरा लिहिला आहे,’’ आणि नवा अर्थ सांगत. कधी एखाद्या गावाचे नाव बदलत, कधी एखादे वाक्यच नव्याने सांगत. आम्ही ते थेट फाइलीत टंकीत गेलो; कागदावर काही लिहिले नाही. ‘अ’ची फाइल सर्वांत आधी हाती घेतल्यामुळे तिच्यावर सरांचा उत्साह सर्वांत अधिक खर्च झाला होता. २०११ साली सर गेले.

त्यानंतरच्या वर्षी एके दिवशी आम्ही डोंबिवलीत जमलो. सरांच्या जुन्या यंत्रावर आम्ही लिनक्स बसविले होते, कारण तेवढ्या अल्प स्मृतीच्या यंत्रावर दुसरे काही धड चालत नव्हते. हेतू एकच होता: सर्व फाइलींची एक मोट बांधायची आणि ती तिघांनी आपापल्या घरी न्यायची. ओळ सोपी आहे. प्रथम ‘टार’ हा शब्द. मग एक आडवी रेघ आणि तिला चिकटून सी, झेड, एफ ही तीन रोमन अक्षरे. मग होणाऱ्या मोटेचे नाव. आणि शेवटी ज्याची मोट बांधायची त्या फोल्डरचे नाव. ‘सी’ म्हणजे नवी मोट निर्माण कर, ‘झेड’ म्हणजे ती जीझिपने आवळ, आणि ‘एफ’ म्हणजे यापुढे जे नाव येईल त्या नावाची फाइल कर.

आमच्यापैकी जो कळफलकावर होता (तो कोण, हे आम्ही तिघांनी कधीही बाहेर सांगितलेले नाही), त्याने मोटेचे नाव लिहिलेच नाही. तो फोल्डरच्या आत होता, आणि ‘एफ’नंतर त्याने थेट तारका टंकली. तारकेचा अर्थ ‘येथे असलेले सर्व’. हा अर्थ टार लावीत नाही. आपण आणि टार यांच्यामध्ये शेल नावाचा एक दुभाष्या असतो, तो तारकेच्या जागी सर्व फाइलींची नावे वर्णानुक्रमे मांडून देतो. आमच्या फाइलींची नावे होती ‘अ’, ‘आ’, ‘इ’ आणि पुढे ‘न’पर्यंत. तेव्हा ‘एफ’नंतर आलेले पहिले नाव होते ‘अ’. यंत्राने सांगितले तसे केले. ‘अ’ या नावाची मोट तयार केली आणि तीत ‘आ’पासून ‘न’पर्यंत सर्व फाइली व्यवस्थित भरल्या. एकही प्रश्न विचारला नाही, एकही तक्रार केली नाही. आधीच्या ‘अ’मध्ये जे होते ते त्या क्षणी पुसले गेले. या पडद्याला कचऱ्याची टोपली नसते.

काय झाले ते कळण्यास आम्हांस अर्धा तास लागला. ‘अ’ उघडला तर आत बाकी सर्व अक्षरे होती, फक्त ‘अ’ नव्हता.

मूळ टंकलेला ‘अ’ जुन्या फाँटमध्ये शिल्लक होता, त्यामुळे शब्द गेले नाहीत. गेले ते शनिवारचे सर. त्यांनी डोळे मिटून सांगितलेले अर्थ, बदललेली गावे, नवी वाक्ये, हे सर्व त्या एकाच फाइलीत होते आणि जगात अन्यत्र कोठेही नव्हते. आता ते असलेच तर आम्हां तिघांच्या स्मरणात.

आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसून आठवेल ते लिहून काढले आणि मग ताडून पाहिले. ‘अवस’ या शब्दाचेच पाहा. डोंबिवलीकरणीच्या आठवणीत सर म्हणाले होते की खाडीवर अवस म्हणजे केवळ तिथी नव्हे, त्या दिवशीची मोठी भरती. ठाणेकराच्या आठवणीत सरांनी हा अर्थ एका गावापुरताच सांगितला होता. कल्याणकराला ती दुरुस्ती सरांनी केल्याचेच आठवत नव्हते. त्याला आठवत होते ते वाक्य, जे उरलेल्या दोघांना आठवत नव्हते. तिघेही एकाच खोलीत, एकाच शनिवारी बसलो होतो.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यास ‘लीळाचरित्र’ आठवल्यावाचून राहणार नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पारखून गोळा केल्या. पुढे स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली आणि ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला तो अनुयायांच्या स्मरणातून. म्हणून आज एक लीळाचरित्र नाही. पिढीपाठ आहे, हिराइसा पाठ आहे, आणखीही पाठ आहेत. एम.ए.च्या वर्गात हे पाठभेद आम्हांस संपादकाची डोकेदुखी वाटत. आपल्याच हातून एक पोथी गेल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. पाठभेद हा हरवल्याचा पुरावा आहे हे खरे. पण हरवूनही पुरते न गेल्याचाही तोच पुरावा आहे. ग्रंथ एकाहून अधिक डोक्यांत होता म्हणून तर भेद पडले.

आपण ज्या साधनाने हात भाजून घेतला ते आहे तरी कसे, हे पाहणे मग आम्हांस भाग पडले. अपराधी भावनेने माणूस अभ्यास चांगला करतो.

‘टार’ हे नाव चुंबकीय फितीच्या काळातले. फितीवरील संग्रह, अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे ते आखूड रूप. १९७९ साली बेल प्रयोगशाळेने युनिक्सची सातवी आवृत्ती काढली, तीत हे साधन आले. पुष्कळांचा समज असतो की टार फाइली लहान करते. ते खरे नाही. टार केवळ गोळा करते. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकामागे एक तालिकापत्र असते, तसे टार प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटांचे एक पत्र ठेवते. त्यावर फाइलीचे नाव, तिचा आकार, ती कोणाच्या मालकीची, आणि तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला हे लिहिलेले असते. बदलाची वेळ १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत मोजतात. या पत्रानंतर फाइलीचा मजकूर, मग पुढचे पत्र, मग पुढचा मजकूर. सर्व संपल्यावर ५१२ बाइटांचे दोन कोरे ठोकळे. पोथीच्या शेवटी समाप्तीची खूण असते, तशी ही खूण.

सरांची चिठ्ठी आठवा. शब्द शाईने, आणि कोणी, कुठे, कधी हे पेन्सिलीने. टारच्या पत्रावर जे असते ते पेन्सिलीने लिहावयाचे भाग. आमच्यापैकी एकाने पूर्वी सरांच्या फाइलींची साधी नक्कल केली होती; त्या नकलेत सर्व फाइलींवर नक्कल केल्याच्या दिवसाची तारीख पडली होती. ‘न’वरची २५ जुलै २००५ तीत उरली नव्हती. जुन्या हार्ड डिस्कवरून टारने मोट बांधली आणि दुसरीकडे सोडली, तेव्हा ती तारीख आणि ती वेळ जशीच्या तशी बाहेर आली. पुराने पेन्सील वाचविली होती. आम्ही तीच खोडण्याच्या बेतात होतो.

गोळा केलेले आवळण्याचे काम ‘झेड’चे, म्हणजे जीझिपचे. झाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी ते १९९२ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्यामागे दोन जुन्या कल्पना आहेत, आणि दोन्ही मराठी माणसाच्या परिचयाच्या आहेत, असे सांगितले तर वाचकांस ते चमत्कारिक वाटेल. पहिली अब्राहम लेंपेल आणि याकोब झिव यांची, १९७७ सालची. मजकूर वाचीत जायचे आणि आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा लिहायचा नाही. ‘मागे इतक्या अंतरावर जा आणि तेथून इतका उचल’ एवढीच खूण करायची. आपल्या भजनांच्या पुस्तकांत ध्रुवपद एकदाच पूर्ण छापतात आणि पुढे प्रत्येक कडव्यानंतर नुसते ‘॥धृ॥’ घालतात. गाणाऱ्याने मागे जाऊन ते उचलायचे असते. जीझिप ३२ किलोबाइटांपर्यंत मागे पाहू शकते, एवढाच फरक. दुसरी कल्पना डेव्हिड हफमन यांची, १९५२ सालची. जे चिन्ह वारंवार येते त्याला आखूड खूण द्यावी, जे क्वचित येते त्याला लांब. साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे चार शब्द प्रत्येक पत्रात येऊ लागले तेव्हा मराठी माणसाने त्यांचे ‘सा. न. वि. वि.’ केले. तीर्थरूपचे ‘ती.’ झाले, चिरंजीवचे ‘चि.’ झाले. मधला मजकूर, जो दर पत्रात निराळा, तो मात्र पूर्ण लिहावा लागला.

देवनागरीस या रीतीचा मोठाच लाभ होतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, इंग्रजीस एकच, आणि या अन्यायाविषयी पूर्वी पुष्कळ कुरकुर होई. पण त्या तिहींपैकी पहिला बाइट सर्व देवनागरी चिन्हांस एकच असतो, आणि दुसरा दोहोंपैकी एक. इतकी पुनरुक्ती म्हटल्यावर जीझिप ती आनंदाने गिळते. आमच्या मजकुराची मोट मूळ आकाराच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान झाली. चिठ्ठी न् चिठ्ठीवरचे ‘अर्थ’, ‘वाक्य’, ‘गाव’, ‘सांगणार’ हे मथळे जवळजवळ विरघळून गेले. जो शब्द साऱ्या कोशात एकदाच आला होता तो मात्र फारसा आवळला गेला नाही. संक्षेपाचा नियमच हा आहे: ज्याची पुनरुक्ती नाही त्याला दाबता येत नाही.

छायाचित्रांची गोष्ट निराळी. पुरातून वाचलेल्या निळसर चिठ्ठ्यांची आम्ही छायाचित्रे काढली होती. त्यांचे फोल्डर जीझिपने तसूभरही लहान होईना. कारण जेपेग पद्धतीच्या चित्रात संक्षेप आधीच झालेला असतो, आणि तो निराळ्या जातीचा असतो. डोळ्यास जाणवणार नाही असे काही तपशील ती पद्धत कायमचे टाकून देते. जीझिपची मोट सोडली की प्रत्येक बाइट जसाच्या तसा परत मिळतो. जेपेगने टाकलेले परत येत नाही, आणि चित्र पुन्हा पुन्हा बदलून साठविले तर दर वेळी आणखी काही जाते. साहित्याच्या व्यवहारात हे दोन्ही संक्षेप आपण करतो, आणि दोहोंत गल्लत करतो. कादंबरीचे कथानक दहा ओळींत सांगणे हा दुसऱ्या जातीचा संक्षेप. त्यातून कादंबरी परत उभी राहत नाही. तो निरुपयोगी नाही. पण मूळ जवळ असेल तोवरच तो निर्धोक.

या विचारात असताना ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांची आठवण आम्हांस नव्याने झाली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून आपण त्यांस ओळखतो. मराठी वाङ्मयाचा शतकानुशतकांचा पसारा एका ग्रंथात आणणे म्हणजे संक्षेपच, आणि तोही दुसऱ्या जातीचा. त्यात काय ठेवावे, काय टाकावे याची निवड आली. पुढे शं. गो. तुळपुळे यांस त्या ग्रंथास पुरवणी जोडावी लागली. पण भावे यांच्या आयुष्यातील क्रम पाहण्यासारखा आहे. १८७१ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १८९३ साली, म्हणजे ऐन तारुण्यात, सहकाऱ्यांसह ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले, आणि सारस्वताचे लेखन त्यानंतरचे. आधी गोळा केले, मग आवळले. टार आणि जीझिप ही दोन निराळी साधने आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे, हे आम्ही चुकून शिकलो. ठाण्यात ते सव्वाशे वर्षांपूर्वी घडून गेले होते. सारस्वतातील एखादे मत आज टिकत नसेल तर ते तपासता येते, कारण जुनी पुस्तके संग्रहालयांत उभी आहेत. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना तर १८६४ सालची. आमच्या या भागाला संग्रहाची सवय जुनी आहे. विसरलो होतो ते आम्हीच.

आता संक्षेपाचा धोका सांगावयास हवा. जीझिपने आवळलेल्या मोटेच्या आरंभीच एखादा बाइट बिघडला तर पुढचे बहुतेक सारे हातचे जाऊ शकते. कारण पुढच्या प्रत्येक खुणेचा आधार मागे आहे; ध्रुवपदाचे पान फाटले की उरलेल्या ‘॥धृ॥’ला अर्थ राहत नाही. उलट खोक्यातली एक चिठ्ठी भिजली तर शेजारची कोरडी राहते. पुनरुक्ती हा लेखनातला दोष म्हणून आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल रेघा मारीत आलो. पण ओवी, जात्यावरचे गाणे, कीर्तनातले पालुपद यांत ती राखणदार असते. एके ठिकाणी सुटले तर दुसरे ठिकाण सांभाळते. संक्षेप हा राखणदार काढून टाकतो. तेव्हा आतून काढलेली पुनरुक्ती बाहेरून परत द्यावी लागते, प्रतींच्या रूपाने. सरांचा ‘अ’ दुरुस्त झाला होता, सुंदर झाला होता, आणि एकच होता. त्याचे तेच कारण झाले.

म्हणून आम्ही प्रती केल्या: ठाण्यास एक, डोंबिवलीस एक, कल्याणला एक. पुष्कळ दिवस आम्ही या व्यवस्थेवर खूश होतो. मग कोणाच्या तरी लक्षात आले की तिन्ही गावे एकाच पाण्यावर वसलेली आहेत. वर उल्हास नदी, खाली तिचीच खाडी. तेव्हा चौथी प्रत आम्ही कोल्हापूरला एका आप्ताकडे पाठविली. २७ जुलै २०१९ रोजी त्याच उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि प्रवाशांस बोटींतून बाहेर काढावे लागले. ती गाडी निघाली होती कोल्हापूरला. कोल्हापुरातली प्रत सुरक्षित आहे म्हणून आम्ही एकमेकांचे समाधान केले. आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पंचगंगेने कोल्हापूर वेढले. प्रत वरच्या मजल्यावर होती, तिला काही झाले नाही. पाचवी प्रत आता नागपूरला आहे. सरांना हे सांगता आले असते तर ते बराच वेळ हसले असते.

आमची रीतही आता ठरून गेली आहे. फोल्डरच्या बाहेर उभे राहायचे आणि बाहेरूनच मोट बांधायची. ‘एफ’नंतर मोटेचे नाव लिहायचे आणि कळ दाबण्यापूर्वी ती ओळ दुसऱ्याने मोठ्याने वाचायची. बांधून झाल्यावर ‘सी’च्या जागी ‘टी’ लिहून आत काय काय आहे त्याची यादी वाचायची. शा-२५६ या रीतीने मोटेची चौसष्ट चिन्हांची मुद्रा काढून ती कागदावर उतरवायची, म्हणजे पुढे एखादा बाइट जरी बदलला तरी मुद्रा जुळत नाही आणि बिघाड लपत नाही. जीझिपहून अधिक आवळणारी साधने आज आहेत. ती आम्ही घेतली नाहीत, कारण ज्याची किल्ली अधिक लोकांच्या हाती आहे तेच कुलूप बरे, हा धडा फाँटने दिलेला आहे. प्रत्येक ठिकाणी एक न आवळलेली मोटही ठेवतो. आणि छापील प्रत ठेवतोच.

एकदा घाईत आम्ही मोटेचे नाव लिहिले आणि कशाची मोट बांधायची तेच लिहिण्यास विसरलो. तेव्हा टारने उत्तर दिले की, रिकामा संग्रह निर्माण करण्यास मी भित्रेपणाने नकार देत आहे. हे त्या साधनाचे ठरलेले वाक्य आहे. रिकाम्या संग्रहास भिणारे हे यंत्र भरलेल्या ‘अ’वर मात्र निमूटपणे लिहून गेले होते. पण रागावण्यात अर्थ नाही. त्याला आम्ही सांगितले तेवढेच कळले.

‘अ’ची फाइल आज कोशात आहे. तीत आम्ही तिघांच्या आठवणी एकत्र कालवल्या नाहीत. मूळ टंकलेला अर्थ आधी, आणि त्याखाली तीन पाठ, ज्याचा त्याच्या गावाच्या नावाने: ठाणे पाठ, डोंबिवली पाठ, कल्याण पाठ. ‘अवस’ पुढे तीन निराळ्या नोंदी आहेत. त्यांपैकी सरांची कोणती, हे ठरविण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. कोणी तरुण संशोधक खाडीकाठच्या एखाद्या म्हातारीला जाऊन विचारील तर तो तिच्याकडे असेल. ‘न’नंतर शब्द नाहीत. त्या जागी निळसर चिठ्ठ्यांची छायाचित्रे आहेत, ज्यांवर केवळ गाव, नाव आणि तारीख उरली आहे. ती कशानेही लहान होत नाहीत, आणि आम्हीही आता तो प्रयत्न सोडला आहे.

दर वर्षी जुलैअखेर आम्ही तिघे जमतो आणि सर्व मोटा तपासतो. यादी पडद्यावरून सरकत जाते. शेवटून थोडे वर ‘न’ येतो, आणि त्याच्या शेजारी २५ जुलै २००५, रात्री साडेअकरानंतरची वेळ. तेथे आम्ही क्षणभर थांबतो, आणि मग मुद्रा जुळते का ते पाहतो.